आधी शेपटाला पाणी

दहिपिंप्रीच्या सभेत अभिमन पाटलांचं भाषण संपलं तेव्हा एकही टाळी वाजली नाही.

माणसं भरपूर जमली होती. पारावर, सोडलेल्या गाड्यांवर, शाळेच्या ओट्यावर. नव्वद सालचा फेब्रुवारी होता आणि विधानसभेचा प्रचार भरात आला होता. अभिमन नाना अपक्ष उभे होते, निशाणी शिडी. अपक्षाला कोण विचारतो, असं सुरुवातीला सगळेच म्हणत होते. पण गेल्या आठवड्यापासून भडगाव-पारोळ्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर शिडीचं नाव निघायला लागलं होतं. त्याला कारण नानांचं पाण्याबद्दलचं बोलणं.

धरणातून पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की तोंडाकडची गावं आधी भिजायची. त्यांचं भागलं की उरलंसुरलं पुढे, आणि शेपटाकडच्या गावांना नुसता ओला गाळ. नाना म्हणत होते, हे उलटं करू. आधी शेवटच्या गावाचं रान भिजवायचं, मग त्याच्या वरच्याचं, आणि तोंडाकडच्या गावाने सगळ्यात शेवटी पाणी घ्यायचं. पाटाच्या काठावर चोरून बसवलेल्या मोटरी उचलायच्या. कोणाची पाळी कधी, ते चावडीवर लिहून लावायचं. पाटाच्या दारांच्या किल्ल्या गावांच्या कमिटीकडे द्यायच्या. "मला निवडून दिलंत तर पहिल्याच अधिवेशनात हे मांडीन," असं सांगून ते खाली बसले होते.

दहिपिंप्री म्हणजे पाटाचं शेवटचं गाव. ह्या गावाने तर नानांना खांद्यावर घ्यायला हवं होतं.

मग बायकांच्या बाजूने बेबाबाई उठली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघायची. तिचा गहू ओंबीवर आला होता आणि जमिनीला भेगा पडल्या होत्या.

"नाना, एक इचारू का?"

"विचारा ना, अक्का."

"नेरखेडाले पाटवर तुमना घरनी मोटर शे ना?"

नानांचं गाव नेरखेडे. पाटाच्या अगदी तोंडाशी.

"आहे," नाना म्हणाले.

"आते चालू शे का?"

आवर्तन आदल्याच दिवशी सुटलं होतं. नानांनी पारावरच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, त्यांना फक्त नानांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"चालू असेल."

"असेल म्हनजे?"

"आहे. चालू आहे."

"मंग आमदार व्हवानी वाट कसाले देखतस?" बेबाबाईचा आवाज चढला नव्हता. "निवडी येशात तव्हय बठ्ठा गावन्या मोटरी काढशात. आज घरनी एक काढा. आमी परवा येतस देखाले. निंघेल दिसनी ते दहिपिंप्रीनं एक मत दुसरीकडे जावाव नही. नही दिसनी ते..."

पुढचं न बोलताच ती बसली. आजूबाजूची आणखी चार-पाच गावं दहिपिंप्रीकडे बघून मत द्यायची, हे नानांना ठाऊक होतं.

बघतो, घरी विचारतो, असं म्हणता आलं असतं. पण इतक्या डोळ्यांसमोर ते शब्द तोंडातून निघेनात.

"काढतो," ते म्हणाले. "परवा या."

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

जीप लालचंदची होती. भडगावात त्याचं पाइप आणि मोटरींचं दुकान होतं. आजोबा मारवाडातून आलेले, पण लालचंद नानांबरोबर एकाच बाकावर शिकलेला. गाव मागे पडेपर्यंत त्याने जीप दामटली.

"हे काय बोलून बसलास?" मग त्याने विचारलं.

"काय बोलायला पाहिजे होतं?"

"जे झालं ते झालं. आता नीट ऐक. उद्या मोटर काढ. परवा ते लोक बघून जातील. त्यांची पाठ वळली की माझी माणसं येतील आणि पुन्हा बसवून देतील. मी मोटरी विकतो नाना, मला कळतं. एवढ्यात केळी मरत नाही."

"आणि सभांमध्ये?"

"सभेत तू सांगतोस तेच सांग. भाषण वेगळं, शेत वेगळं. सगळ्यांचं तसंच चालतं."

लालचंद वाईट माणूस नव्हता, मित्रासाठी पदरचं डिझेल जाळत होता. पण त्या वेळी नानांच्या डोक्यात लालचंद नव्हताच. त्यांच्या डोळ्यांसमोर होते चुडामण आबा.

चुडामण आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा चुडामणने शाळा सोडून वखर धरला आणि अभिमनला शिकवलं. अभिमन शिकला, पंचायत समितीवर निवडून गेला, भाषणं करायला लागला. चुडामणने केळी लावली. जमीन एक, चूल एक. कोणत्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं हे नानांनी कधी विचारलं नाही आणि सभेत काय बोलायचं हे आबांनी.

नाना घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा ओसरीत बसले होते.

"सभा कशी व्हयनी?"

"चांगली व्हयनी, भाऊ." नाना समोर टेकले. "एक बोलनं व्हतं."

"बोल."

"पाटवरनी मोटर काढनी पडी."

"कोनी मोटर?"

"आपली."

आबा लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "केळी निसवायी राहिनी रे. घड बाहेर पडी राहिनात. आते पानी तोडं ते वरीसनी मेहनत गई."

"माले माहीत शे."

"काय माहीत शे तुले? आज कोठली लाइन भरनी, ते सांग बरं."

नानांना सांगता आलं नाही.

"मी सभामा बोली टाकं, भाऊ. परवा दहिपिंप्रीना लोके येतीन देखाले."

"सभामा बोली टाकं," आबांनी तेच शब्द परत म्हटले. "घरमा इचारं नही, आन् सभामा बोली टाकं."

आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली. आबांची बायको झुंबरबाई आणि नानांची बायको कमलबाई, दोघी दाराआड उभ्या राहून ऐकत असणार.

"आजलगून असंच चालनं," आबा म्हणाले. "तू बोलस, मी पाजस. आते तू बोलशी आन् मनी केळी वाळी." ते उठले, पायात वहाणा घातल्या. "काढ. तुनं नाव गयं ते घरनंच जाई. पन मी हात लावाव नही."

त्या रात्री आबा जेवायला आले नाहीत.

कमलबाईने नानांचं ताट वाढलं आणि समोर बसली.

"आपली एक मोटर बंद व्हयनी ते दहिपिंप्रीलगून पानी जाई का?"

"नही. आपलाफुडे जीवरामभाऊन्या तीन मोटरी शेत. त्याना फुडे आखो कितल्या तरी."

"मंग त्यासले सांगा ना. गावमा सभा कव्हय लेतस?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. नेरखेड्याची सभा त्यांनी शेवटच्या दिवसावर ढकलली होती. घरचं गाव, तिथे काय सांगायचं, असं ते लालचंदला म्हणाले होते. खरं कारण त्यांना माहीत होतं. कमलबाईलाही होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

सकाळी नानांनी दोन गडी घेतले आणि पाटावर गेले. मोटर जड होती, फाउंडेशनचे बोल्ट गंजलेले होते. सदरा काढून नाना स्वतः पाना घेऊन कामाला लागले. येणारे-जाणारे थांबायला लागले. उमेदवार स्वतःची मोटर उचलतोय, ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही.

जीवराम आला. त्याचं शेत आबांच्या शेताला लागूनच. नात्याने लांबचा भाऊ, गावात शब्दाला वजन असलेला. तो बांधावर उभा राहिला आणि हसत म्हणाला, "बरं करं नाना. तुनं पानी आते मना वाटाले ई."

बघे हसले. नानांनी मान वर केली नाही. केळीच्या सरीत आबा उभे होते, हातात विळा. त्यांनी ऐकलं, विळा खांद्यावर टाकला आणि केळीत आत निघून गेले.

दुसरा दिवस पारोळ्याच्या बाजाराचा. नेरखेड्याची निम्मी माणसं सकाळीच बाजाराला गेली. दुपारी दहिपिंप्रीहून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून बेबाबाई उतरली, बरोबर वीसेक माणसं. नाना त्यांना पाटावर घेऊन गेले. मोटर गवतात काढून ठेवलेली होती, वर पोतं टाकलेलं. बेबाबाईने पोतं उचलून पाहिलं.

"निंघनी खरी," ती म्हणाली. मग तिने पाटाच्या पुढच्या काठाकडे पाहिलं. तिथे जीवरामच्या तीन मोटरी होत्या आणि त्यांच्या पलीकडे एकामागे एक पाइप पाटात उतरलेले होते. "आन् त्या?"

"त्या माझ्या नाहीत, अक्का."

दुपारची लाईट यायची वेळ झाली होती. लाईट आली की ह्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतील आणि पाट डोळ्यांदेखत खाली जाईल, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नानांनाही. ते मनातल्या मनात कसनुसे होऊन वाट बघत राहिले.

लाईट आली नाही. ऊन कलायला लागलं तरी आली नाही. पाट काठोकाठ भरून चालला होता. लाईटचा तो रोजचाच खेळ, म्हणून नेरखेड्याच्या माणसांनी वीज मंडळाला शिव्या घातल्या आणि ती घरी गेली. दहिपिंप्रीची माणसं मात्र ट्रॅक्टर पाठवून देऊन पाटाच्या काठाकाठाने चालत निघाली. नाना त्यांच्याबरोबर पुष्कळ पुढपर्यंत गेले. कोरड्या पाटात पाण्याचं तोंड पुढे सरकत होतं. वाळलेली पानं, कापसाच्या काड्या, फेस असं सगळं ढकलत, माणसाच्या चालीने. कोणी बोलत नव्हतं. बोललं तर थांबेल, असंच जणू सगळ्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिपिंप्रीचा माणूस मोटरसायकलवर नानांना घ्यायला आला. नाना पोचले तेव्हा बेबाबाईच्या गव्हात पाणी शिरलं होतं. भेगा पाणी पिताना बुडबुडे काढत होत्या. माणसांनी नानांना उचललं, हलगी वाजली, कोणीतरी शिडीच्या नावाने ओरडलं.

"एका मोटरीनं एवढं पाणी येत नाही," नाना त्यांना सांगत होते. "काल लाईट नव्हती, म्हणून." त्यांचं कोण ऐकतंय!

तेवढ्यात लालचंदची जीप धूळ उडवत आली. लालचंद खाली न उतरताच म्हणाला, "नाना, बस. घरी चल."

"का?"

"बस आधी."

जीप वळली तेव्हा तो बोलला. "लाईट गेली नव्हती. तुमच्या गावच्या डीपीतले फ्यूज कोणीतरी काढून नेलेत. सकाळी डबा उघडला तेव्हा कळलं. सगळं गाव तुझ्या दारात उभं आहे. तू काढलेस म्हणतात."

"मी?"

"मला माहीत आहे, तू नाही. पण एक सांगू? शेपटाकडच्या गावांना वाटू दे तसं. आणि गावात म्हण, मला माहीत नाही. दोन्हीकडे निभेल."

नाना समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. डीपी आबांच्या शेताच्या कोपऱ्याला होती. बाजाराच्या दिवशी गाव रिकामं होतं आणि आबा बाजाराला गेले नव्हते. हे सगळं एकाच वेळी त्यांच्या डोक्यात उभं राहिलं, आणि घर येऊ नये असं त्यांना वाटायला लागलं.

दारात दोनशेच्या वर माणूस होतं. जीप थांबली तसा गलका बंद झाला. नाना उतरून ओट्यावर चढले. ओसरीच्या टोकाला बाजेवर आबा बसले होते. अख्खं गाव उभं होतं, ते एकटे बसलेले. त्यांनी नानांकडे पाहिलं नाही.

"फ्यूज कोठे शेत, नाना?" जीवराम पुढे आला. आज तो हसत नव्हता.

"मी नही काढात, जीवरामभाऊ."

"तू नही ते कोन? दहिपिंप्रीले शब्द तू दिन्हा. फायदा तुना. काल त्यासनासंगे पाटवर तूच फिरी राहिंता."

"मी नही काढात."

"मंग कोनी काढात, ते सांग."

माहीत नाही म्हटलं तर खोटं होतं. माहीत आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न थोरल्या भावावर जाणार होता. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "सांगत कसा नही?" मागच्या माणसांनी रेटलं आणि पुढची ओट्याला येऊन चिकटली.

"त्याले कसाले इचारतस?" बाजेवरून आवाज आला. "मी काढात."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आबा, तुम्ही?" जीवरामचा विश्वास बसेना.

"मी. बठ्ठं गाव बाजारले गयतं तव्हय काढात. फेकी दिन्हात. सापडावत नही आते."

"पन कसाले?"

"कसाले?" आबा उभे राहिले. "मनी मोटर निंघनी. मनी केळी वाळी राहिनी. आन् तू मना बांधवर उभा राहीसन हासना, तुनं पानी मना वाटाले ई म्हने. मंग वाळतीन ते बठ्ठास्न्या वाळू देत. एकलानी मनीच कसाले?"

मग जीवराम ओट्यावर चढला आणि त्याने आबांची गचांडी धरली. नाना मध्ये घुसले. कोणाचा तरी हात त्यांच्या कानशिलावर बसला, सदरा फाटला. झुंबरबाई किंचाळली. खालून काठी वर आली, दुसरी आली. लालचंद जीपजवळून "अरे भाई, अरे भाई" करत राहिला.

कमलबाई आतून आली. थोरल्या दिरासमोर ती कधी ओसरीत यायची नाही. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून तिने दुसऱ्या हाताने जीवरामचं मनगट पकडलं.

"जीवरामभाऊ, हात खाले. तुम्हले इचारानं शे ना?" तिने नानांकडे मान केली. "त्यासले इचारा. सांगतीन त्या. बठ्ठं सांगतीन."

बाईमाणसाने हात धरल्यावर जीवरामला गचांडी सोडावी लागली. तो मागे सरला, पण डोळे नानांवरच.

"हां, सांग. दहिपिंप्रीमा सांगं. पारोळामा सांगं. भडगावमा कागद वाटात. आधी शेपटाले पानी, आन् आमले बठ्ठास्ना मांगे. हाई गोष्ट तू आमले कव्हय सांगी? आमी तुना घरना, म्हनीसन आमले पेपरमा वाचनी पडी?"

नानांच्या कानात घणघणत होतं. ह्या प्रश्नाला ते महिनाभर भीत होते, आणि आता तो आल्यावर भीती कमी झाल्यासारखी वाटली.

"सांगं नही. चुकनं मनं," ते म्हणाले. "आते सांगस. मनं चालनं ते पानी आधी दहिपिंप्रीले जाई. मंग वरे येत येत आपलाकडे. पाटवरन्या मोटरी बठ्ठ्या निंघतीन. दोन पान्यामा अंतर पडी. आज जितली केळी शे तितली मंग राहावाव नही, निम्मी करनी पडी. मनी भी, तुमनी भी."

"निम्मी?" कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

"निम्मी."

मागे उभे असलेले एक म्हातारे काठी टेकत पुढे आले. "आन् हाई आयकीसन आमी तुले मत देवानं?"

"द्या म्हनत नही, बाबा. इचारं म्हनीसन सांगी राहिनू."

"मंग मांगू भी नको," म्हातारे म्हणाले आणि वळले.

त्यांच्यामागे माणसं हलायला लागली. दोघंतिघं पोलिसांत जाऊ म्हणत होते. जीवरामने त्यांना गप्प केलं. फ्यूजची तक्रार गेली तर पाटबंधाऱ्याचा साहेब मोटरी बघायला येईल, हे सगळ्यांआधी त्याच्या ध्यानात आलं. संध्याकाळी भडगावचा वायरमन नवे फ्यूज घेऊन आला, आणि एकेक करत सगळ्या मोटरी बोलायला लागल्या. फक्त नानांच्या घरची नाही.

ओसरीत दोघंच भाऊ उरले होते.

"तुनासाठे करं, असं समजू नको," आबा म्हणाले.

"नही समजत, भाऊ."

"माले तुनी शिडी भी माहीत नही आन् शेपूट भी माहीत नही. माले फक्त राग उना."

"माहीत शे माले."

आबा आत गेले. नाना फाटक्या सदऱ्यातच बराच वेळ बसून राहिले.

नेरखेड्याची सभा ओट्यावरच होऊन गेली होती, म्हणून प्रचाराच्या शेवटच्या दिवशी नाना दहिपिंप्रीला गेले. लालचंदने वाटेत हात जोडले, तिथे काही बोलू नकोस म्हणून. नानांनी पारावर चढून सगळं सांगितलं. फ्यूज कोणी काढले, का काढले, आणि आता पाणी पुन्हा का आटलंय. पारावर कुजबुज झाली. मग बेबाबाई म्हणाली, "म्हनजे तुमना सांगावर पानी उनं नही."

"नाही."

"तुमना भाऊना रागवर उनं."

"हो."

"मंग तुम्ही आमदार व्हयनात तरी पानी कसं ई? मुंबईमा कायदा करशात, पन नेरखेडाले मोटर कोन बंद करी? गावनी कमिटी म्हनतस. कोना गावनी? किल्ली नेरखेडाना हातमा दिन्ही ते तीच गत."

नानांनी कमिटीचा विचार पुष्कळ केला होता, पण हा केला नव्हता.

"किल्ली तुमच्याकडे," मग ते म्हणाले. "तोंडाचं दार नेरखेड्याला आहे, पण तुमची पाळी असेल तेव्हा किल्ली दहिपिंप्रीच्या माणसाकडे. तुमची माणसं तिथे येऊन बसतील."

"बसू कोठे? नेरखेडे आमले उभं करी का?"

"माझ्या ओट्यावर बसा. मी निवडून आलो तरी आणि नाही आलो तरी."

ह्या वेळीही टाळ्या पडल्या नाहीत. बेबाबाईने मात्र मान हलवली.

मतमोजणी झाली आणि नाना पडले. फार नाही, पण पडले. कोणत्या गावाने किती मतं दिली हे मोजणीत कळत नव्हतं, पण गावात ते न मोजताही कळतं. नेरखेड्याने शिडीकडे पाठ फिरवली होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आबांनी गडी बोलावले आणि मोटर पुन्हा पाटावर बसवली. नाना घरात होते. त्यांनी अडवलं नाही आणि मदतही केली नाही. लालचंद भेटायला आला, घटकाभर बसला, आणि पुढच्या वेळी आधी मला विचार, एवढंच म्हणून गेला.

उन्हाळी आवर्तन सुटलं तेव्हा हरलेल्या उमेदवाराच्या शब्दाची आठवण कोण ठेवणार, असं नानांना वाटलं होतं. सकाळी उठून पाहतात तर ओट्यावर बेबाबाई बसलेली, आणि तिच्याबरोबर दहिपिंप्रीची दहा-बारा माणसं, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन.

"तुम्ही सांगंतं ना," ती म्हणाली.

गावात बातमी गेली. जीवराम आणि आणखी काहीजण रस्त्यापलीकडे येऊन उभे राहिले. नाना बेबाबाईजवळ जाऊन बसले. ह्या वेळी मध्ये पडायला निवडणूक नव्हती, जीप नव्हती, पोलीस नव्हते. उलट ओरडायलाही कोणी येईना. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि ऊन वाढत गेलं.

दुपारी झुंबरबाई आतून ताटं घेऊन आली. मागोमाग आबा.

"दारमा बसेल मानूस उपाशी ठेवतस नही आमी," आबा कोणाकडेच न बघता म्हणाले. "जेवा."

बेबाबाईने ताट समोर घेतलं, पण हात लावला नाही. "आबा, तुमनी मोटर चालू शे."

"शे."

"ती बंद करा. मंग जेवतस."

"मंग नका जेवू!" आबा फणकारून आत गेले. नानांनी डोळे मिटले. रस्त्यापलीकडे जीवराम काहीतरी बोलला, कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने आबा बाहेर आले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि कोणाशीही न बोलता शेताच्या वाटेला लागले.

त्या दिवशी त्यांनी मोटर बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी चालू केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. कधी बंद आणि कधी चालू, ह्याचा त्यांनी कोणाला हिशेब दिला नाही. पाटाच्या पुढच्या दोघा लहान शेतकऱ्यांनी त्यांचं बघून दिवसाआड मोटर थांबवली. जीवरामने एकही थांबवली नाही. पाणी दहिपिंप्रीच्या शिवेपर्यंत गेलं. बेबाबाईचं वरचं वावर भिजलं, खालचं राहिलं.

नाना पुन्हा कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पण आवर्तन सुटलं की शेपटाकडची माणसं नेरखेड्याला यायची, ओट्यावर बसायची, आणि नाना त्यांच्यात असायचे. एकदा बेबाबाई आणि तिची चार माणसं नानांना घेऊन जळगावला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेली. साहेबाने नानांना विचारलं, "तुम्ही कोणत्या गावचे? टेलचे, शेवटाकडचे का?"

"नाही," नाना म्हणाले, "नेरखेड्याचा."

साहेबाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तुमची तक्रार काय आहे?"

नानांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.